कुट्टूची भाकरी आणि आत्यांची एकादशी

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उपासाच्या बाबतीत फार हट्टी, आणि त्यांची साखर त्यांच्याहून हट्टी. गेल्या वर्षी एका एकादशीला भरपेट साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि ओट्याजवळ मटकन खालीच बसल्या. माझं तर धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणाले, एकतर साबुदाणा सोडा, नाहीतर उपास सोडा. आत्यांनी तिथंच, खाटेवर पडल्यापडल्या सांगून टाकलं की दोन्ही चालू राहणार. असा संताप आला म्हणता!

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते ‘बघू’ म्हणाले आणि टीव्ही बघत बसले. मग मीच कंबर कसली. मोबाईलवर शोधता शोधता कुट्टू सापडला. उत्तरेकडं उपासाला त्याच्या पुऱ्या करतात. साबुदाण्यासारखी त्यानं साखर भसकन चढत नाही, चोथा भरपूर, वर रुटिन नावाचं एक द्रव्य असतं, ते रक्तवाहिन्यांना चांगलं म्हणे. सोलापुरात मी चार दुकानं पालथी घातली. जो तो म्हणे, राजगिरा न्या की, शिंगाडा न्या की. शेवटी त्याचं पीठ ऑनलाइन मागवलं.

पुडा आल्यापासून मी घरात रुटिनचं कीर्तन लावलं. आत्या शेंगा फोडत निवांत ऐकायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, हे धान्य हाय का? मी म्हटलं, छे, हे गहू-ज्वारीच्या नात्यातलंच नाही, आपल्या चुक्याच्या भाजीच्या भावकीतलं आहे.

“मग चुका चालतो व्हय उपासाला?”

मग आत्यांनी बार्शीच्या आपल्या बहिणीला फोन लावला. तिनं सांगितलं, तिकडची माणसं खातात म्हणजे चालत असणार. त्यावर आत्यांनी अट घातली. एकदा खाऊन बघणार. नाही जमलं तर कायमचा साबुदाणा, आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

एकादशीला सकाळी स्वयंपाकघरात गेले तर कोपऱ्यात साबुदाणा भिजवलेला. विश्वास बघा माझ्यावर! तळण नको म्हणून मी पुऱ्यांऐवजी भाकरी करायची ठरवली होती. उकळत्या पाण्यात पीठ मळलं, थापायला घेतलं. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्याला चिकटली. आत्या दारातून बघत होत्या. त्यांना खरं तर साबुदाण्याकडं जायचं होतं, पण मोडकी भाकरी त्यांना बघवत नाही. मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच थापायला घेतली. मातकट रंगाची, न फुगलेली, पण अख्खी भाकरी उतरली. ताट घेऊन बसल्या, खाल्ली, बरी हाय म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच तव्यावर आणखी एक टाकली.

ती वाढायला गेले आणि ताटात शेंगाचटणी दिसली. लसणाची. आदल्या दिवशी मीच भरभरून लसूण घालून कुटलेली. भाकरी समोर आली की आमच्याकडं हात आपसूक त्या बरणीकडं जातो, त्यात आत्यांचाही दोष नाही. आम्ही कुट्टूची सात पिढ्यांची चौकशी केली आणि चटणीला कुणी विचारलंच नाही.

मी गप्प राहायचं ठरवलं. पण तेवढ्यात आत्यांचंच चावणं थांबलं. त्यांनी बोटांचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. आता उपास मोडल्याचं खापर कुट्टूवर फुटणार, परत खिचडी, परत ते ओट्याजवळ बसणं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आत्यांनी तोंडातला घास गिळला. मग त्यांनी ताट पुढं केलं.

“लसणात बी तुजं ते रुटिन असंल की. वाढ. आन् त्यो साबुदाणा तू खाऊन टाक, तुला कुटं साखर हाय.”