धुतलेली एकेचाळीस नाणी

बाबांच्या नाण्यांना हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा आमच्या घरात होता. बाकी बाबा साधे. विमा कंपनीतले अधिकारी, बदलीवर जयपूरला आले आणि तिलक नगरच्या भाड्याच्या घरात वीस वर्षं राहिले. रविवारी बस पकडून जवळच्या चौमूं गावच्या बाजारात जायचे आणि जुन्या चांदीच्या ढिगातून जयपूर संस्थानचे, झाडाची फांदी कोरलेले रुपये शोधायचे. आणलेलं नाणं कडेने धरून आम्हाला दाखवायचे. काळंकुट्ट असायचं. "हे रत्न आणायला अख्खा दिवस घालवलात?" आई म्हणायची.

आई गेली आणि बाबांचं जयपूरवरचं मन उडालं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सांगलीत आत्याच्या घराजवळ दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या, त्या बाबांना घ्यायच्या होत्या. फंडाच्या पैशात भागत नव्हतं. उरलेलं नाण्यांतून येणार होतं. "दिवाळी झाली की जोहरी बाजारात दाखवू," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात जरा जीव आला होता.

आईच्या वर्षश्राद्धानंतरची ती पहिली दिवाळी. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. लक्ष्मीपूजनाला आई तिच्याकडचा चांदीचा एकच रुपया टूथ पावडरने घासून ताटात ठेवायची. मला वाटलं, यंदा बाबांची सगळीच नाणी मांडू. लखलखीत दिसली तर भावही चांगला येईल. बाबा फराळाचा डबा घेऊन खातीपुऱ्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते. मी मागच्या अंगणात बसले, एकेचाळीस नाणी चिंचेच्या कोळात भिजवली आणि जुन्या ब्रशने चांगली दोन तास घासली. केवढा अभिमान वाटत होता मला! आजही तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाबा आले. ताटाकडे बघत, चपला न काढता तसेच दारात उभे राहिले.

"कशी दिसतायत, बाबा?"

"छान मांडलंयस," ते म्हणाले आणि पूजेला बसले. आरती म्हणताना मध्येच एक कडवं विसरले, तेव्हा मी हसलेसुद्धा.

भाऊबीज झाल्यावर आम्ही जोहरी बाजारात गेलो. दुकानदाराने दोन-तीन नाणी भिंगाखाली धरली, मग भिंगच बाजूला ठेवलं.

"बाबूजी, ये किसने धो दिए?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "मैंने."

"इतने साल जमा किए, फिर भी? ये कालापन ही तो इनकी उमर थी. देखिए, ब्रश की लकीरें. शौकीन आदमी अब इन्हें छुएगा भी नहीं. चांदी के भाव ले लूँगा, तौल के."

"फिर से काले पड़ जाएँ तो?" बाबांनी विचारलं. इतका अजिजीचा स्वर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"लकीरें नहीं जातीं, बाबूजी."

बाबांनी नाणी पिशवीत भरली. कडेने धरून नाही, मूठ भरभरून. ते मला बघवलं नाही.

रिक्षात मी रडले. म्हटलं, "बाबा, मला ओरडा ना."

"काळी पडतील परत. चांदीच आहे ती," ते बाहेर बघत म्हणाले.

सांगलीच्या खोल्या दुसऱ्या कुणीतरी घेतल्या. नाणी मोडीत द्यायला बाबा तयार झाले नाहीत. त्यानंतर दर दिवाळीत ते डबा काढून खिडकीशी बसायचे. एकेक नाणं पुन्हा कडेने धरून उजेडात फिरवायचे, किती काळवंडलंय ते बघायचे. "थोडी पडलीयेत," असं एकदा म्हणालेही. मला एका शब्दाने बोलले नाहीत आणि मी त्यांची धड माफीही मागितली नाही. पाचव्या दिवाळीच्या आधी, त्याच भाड्याच्या घरात ते गेले.

डबा आता माझ्याकडे आहे. परवा उघडला. बरीच नाणी काळी पडली आहेत, दोन-तीन तर पूर्वीसारखी काळीकुट्ट. क्षणभर मला वेड्यासारखा आनंद झाला, बाबांना हाक मारावीशी वाटली. मग भिंग घेऊन खिडकीशी बसले. काळ्याच्या खाली माझ्या ब्रशच्या रेघा जशाच्या तशा आहेत.