अक्काचा कूलर कुणी बंद केला?

भुताखेतांच्या गोष्टी रंगात आल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही आहे असे म्हणवत नाही. तरीही लिहितो आहे. कारण ज्या कामाचे श्रेय मला मिळाले, ते मी केलेलेच नाही.

परभणीत वसमत रोडला आमचे घर. थोरली बहीण, अक्का, माझ्याकडेच असते. तिला जुना दमा. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशनपासून कुणी धरल्याशिवाय उठता येत नाही. गेल्या वैशाखात पत्नी लग्नासाठी जिंतूरला गेली होती. दुपारनंतर आभाळ मातकट झाले, तेव्हा मी सगळ्या दारे-खिडक्या लावल्या, अक्काच्या खिडकीतला कूलर फुल केला, आणि बाहेरून कुलूप घालून मोंढ्याच्या बाजारपेठेत मित्राच्या दुकानी निघून गेलो. तिच्या दम्याचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवरच राहिला.

वादळ आले आणि समोरची दुकाने दिसेनाशी झाली. शटर अर्धे ओढून आम्ही चहा पीत होतो. फोन वाजला... अक्का. "असेल काहीतरी किरकिर," असे मनाशी म्हणालो आणि आवाज बंद केला. स्क्रीन पुन्हा उजळली — मी फोन उलटा ठेवला.

परतलो तेव्हा ओसरीवर धुळीचा जाड थर होता. त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. कुलूप जसेच्या तसे. आत कूलरचा प्लग काढलेला, खिडकीवर ओली चादर, तिचे पाणी अजून ठिबकत होते. आणि पंप अक्काच्या हातात.

"अक्का, कोण आलं होतं?"

"चेष्टा करायलास का, बाळू? तूच तर आलास!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. म्हातारी माणसे, कडेवरची लेकरे... सारी खोकत होती. डॉक्टर वैतागले होते. "लोक दारं लावतात अन् कूलर चालूच ठेवतात. तो बाहेरची सगळी धूळ ओढून आत फेकतो! अक्का, तुमचा कूलर कोण्या शहाण्यानं बंद केला?"

"ह्यानं. एरवी काडीचा उपयोग न्हाई, पर काल देवासारखा आला बघा."

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी मान खाली घातली. तो त्यांना विनय वाटला असावा.

त्यानंतर अक्का साऱ्या नातेवाइकांना फोनवर माझे कौतुक सांगू लागली. मी उठून बाहेर जाऊ लागलो. शेवटी एका सकाळी तिच्या पलंगाशी बसून सांगून टाकले, "अक्का, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. तुझा फोन पाहिला... तरी उचलला नाही."

ती हसली. "किती डाव तेच तेच सांगशील रे? तवाच माझे पाय धरून रडलास की — 'अक्का, फोन पाहिला होता, मुद्दाम उचलला न्हाई.' लय रडलास. म्या तवाच म्हनलं, जाऊ दे, माफ केलं."

श्वास कोंडल्यावर माणसाला भास होतात, हे मला मान्य आहे. पण भासाने प्लग निघत नाही. आणि फोनचे मी तोवर कुणापाशीही बोललो नव्हतो. अक्काने माफ केले, हे खरे. कुणाला केले, ते मात्र मला अजून कळलेले नाही.