सोजरबाईंचा ताठ पाय

आमच्या सोसायटीत वावडी उठली की सोजरबाईंच्या गुडघ्याबरोबर डॉक्टरांनी माजही बसवून दिला. आता थोरले दीर घरी आले तरी बाई खुर्चीवरून हलत नाहीत. साफ खोटं. माझ्याकडून निघाली असती तर निदान बातमी पक्की तरी असती. बाई हलल्या, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

सोजरबाई माझ्या शेजारच्या, मूळच्या कोथरूड गावातल्या. ज्या वावरात त्यांनी उकिडवं बसून भुईमूग खुरपला, त्यावरच आमची इमारत उभी आहे. गुडघेही तिथंच झिजले. त्यातला एक बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, वॉकर धरून रोज थोडं थोडं चालायचं, घाई नको. बाई पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवायच्या, अगदी निमूट. चालायच्या मात्र दुपारी, सगळी दारं बंद असताना. म्हणायच्या, "लोकं बघत्यात गं."

एका रविवारी थोरले दीर सर्जेराव विचारपूस करायला आले. त्यांच्यापुढे जन्मात खुर्चीवर न बसलेल्या बाईंनी जिन्यातला खोकला ऐकला, पदर डोक्यावर ओढला आणि सरळ खाली घसरल्या. बसल्या खऱ्या, पण नवा गुडघा दुमडेना. पाऊल थेट भावजींच्या समोर! त्यांच्या यजमानांनी, संपतरावांनी, आणि मी काखेत हात घालून उचललं, तेव्हा बाई रडत होत्या. दुखण्यानं कमी, लाजेनं जास्त.

सांधा शाबूत होता. सूज आली, उतरलीही, पण बाई उठेनात. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "आजी, आत्ता चालला नाहीत तर पाय असाच ताठ राहील." बाईंचं तोंड भिंतीकडे. मी चिडवून पाहिलं, "भावजींना पायानं आशीर्वाद दिलात, आता आम्हाला कधी?" त्या हसल्या नाहीत. माझी मीच जीभ चावली.

हे सर्जेरावांच्या कानावर गेलं. ते पुन्हा आले, पण घरात शिरले नाहीत. व्हरांड्याच्या पार टोकाला माझी प्लास्टिकची खुर्ची मागवून बसले आणि ओरडले, "सोजर, मी आत येत न्हाई. मला निरोप द्यायला तूच हितवर ये. तवर मी हलत न्हाई."

थोरल्यांना ताटकळत ठेवायचं? ही तर त्याहून मोठी लाज.

वॉकर खडखडला. सगळी दारं उघडी. एक पाऊल, थांबणं, पुन्हा पाऊल. चेहरा लालबुंद, नजर फरशीवर. निम्म्या वाटेत डोक्यावरचा पदर घसरला, आणि दोन्ही हात तर वॉकरला गच्च. मला कुठलं राहवतंय! "अगं बाई! सोजरबाई, भावजींपुढं उघड्या डोक्यानं?"

त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं हात गुंतल्यात. तुझं रिकामं हायेत न्हवं? मग तोंड मिट, अन् पदर सावर."