मामाजींची मोजून भरलेली बंदूक

लग्न होऊन मी वरोऱ्याहून गडचिरोली जिल्ह्यातल्या सासरी आले, तेव्हा ओसरीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींखाली एक बंदूक टांगलेली होती. ठासणीची, एका नळीची, पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची. आमचं धानाचं शेत जंगलाला लागून. धान निसवलं, लोंब्या आल्या की रानडुकरं यायची आणि एका फेरीत अख्खी बांधी, म्हणजे एक पूर्ण खाचर, लोळवून जायची. डुक्कर मारायची मुभा नव्हती. बार काढायचा, हाकलायचं, एवढंच. हे काम माझे चुलत सासरे वर्षानुवर्षं करत आले होते. घरात त्यांना सगळे थोरले म्हणत.

थोरल्यांची बंदूक भरायची रीत अख्ख्या गावाला पाठ होती. बारूद मुठीने. त्यावर फाटक्या लुगड्याचा बोळा. त्यावर हाताशी येईल ते: सायकलचे छर्रे, खिळ्यांची टोकं, एकदा तर दाराची मोडकी बिजागरी. वरून पुन्हा बोळा, आणि मग गजाने दे ठोकून. हे सगळं तोंडातली बिडी न काढता. बारूदचा डबा चुलीवरच्या फळीवर असे. "तिथी कोरडा राह्यते," असं ते सांगत, आणि ते खरंही होतं.

पुढे थोरल्यांना मोतीबिंदू झाला. परवाना धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर झाला. त्यांना मी मामाजी म्हणते. मामाजी बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. कागद किती ओला, किती जाड, किती पांढरा, हे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा हातांना तपासायला काही उरलं नव्हतं. सासूबाईंच्या वरणात मीठ किती, यावर ते बोलू लागले होते. बंदूक मिळाली म्हणून निदान आमची सुटका झाली.

पहिला बार त्यांनी थोरल्यांच्या रीतीने भरून, थोरल्यांच्या देखरेखीखाली काढला. नेम धरला होता धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दगडावर. दगडाला काही झालं नाही. भलत्याच बाजूला, तिसऱ्या बांधीतल्या बुजगावण्याचं डोक्याचं मडकं मात्र फुटलं. त्या बुजगावण्याला सदरा घालून त्याचा मालक नुकताच घरी गेला होता.

मामाजी धुऱ्यावर बसले.

थोरले म्हणाले, "डुकरं पळतीन ना आवाजानं? मंग? कुठी लागते त्याचं तुले काय कराचं आहे?"

"भाऊ, कुठी लागते तेच मले माहीत नाई, मंग कुठी लागणार नाई ते कसं सांगू?"

थोरल्यांना हा प्रश्नच पटला नाही. पण मामाजींनी त्या दिवशी डबा फळीवरून उतरवला आणि ठरवलं, की ही बंदूक दर वेळी सारखीच वाजली पाहिजे आणि गोळी सांगू तिथेच गेली पाहिजे.

सुट्टीत मला शाळेसाठी तक्ते आणायला चंद्रपूरला जायचं होतं. मामाजी बंदूक आणि परवाना घेऊन माझ्यासोबत निघाले. एस.टी.त कंडक्टरने बंदुकीकडे पाहून त्यांना खिडकीची जागा दिली. तिथे बंदुका आणि बारूद विकायचा परवाना असलेलं एक जुनं दुकान होतं. त्याचे म्हातारे मालक सगळ्यांचे चाचा. त्यांनी नळीत बॅटरी मारून आत पाहिलं. मग गजाला आकडा लावून आतून जळक्या चिंध्यांचा एक काळा गोळा ओढून काढला. मग दुसरा. तिसरा निघाला तेव्हा चहा मागवला.

"कितना भरते हो?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी थोरल्यांची मूठ करून दाखवली.

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "भाऊ, बंदूक काई लेक नाई, ओटी भरून सासरी पाठवाले. कमी भरा. एक बार काढा, कुठी लागते पाहा. मग जरासं वाढवा, पुन्हा पाहा. गोळ्या इकडं तिकडं फाकाले लागल्या की आधीच्या मापावर मागे या. आन खिळे बंद. नळीच्या मापाची शिशाची गोळी, तिच्याखाली जाड कापडाचा एकसारखा डाट."

मामाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कारखाना सोडल्यापासून त्यांच्याशी कोणी इतकं समजुतीचं बोललं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते भातकापणीपर्यंत चाललं. डबा गोठ्याच्या पलीकडे एका वेगळ्या खोपीत गेला. खोपीच्या वीस पावलांत बिडी बंद, हा नियम फक्त थोरल्यांसाठी होता आणि तो त्यांना माहीत होता. मोजमापासाठी मामाजींनी बांबूचं एक छोटं मापटं बनवलं. दर वेळी ते काठोकाठ भरायचं, पट्टीने वरून सपाट करायचं, मगच नळीत ओतायचं. डाट कशाचे करायचे यावर सासूबाईंशी त्यांचा कित्येक दिवस वाद चालला, कारण त्यांना हवं तसं जाड, एकसारखं कापड घरात एकच होतं आणि ते सासूबाईंचं घोंगडं होतं. शेवटी घोंगड्याचा एक कोपरा गेला. सासूबाई पांघरताना ती कापलेली बाजू दर वेळी मामाजींकडे करत.

डुकराला गोळी लावायची नव्हतीच, पण गोळी कुठे जाते ते कळायला निशाण हवं, म्हणून मी एका जुन्या चादरीवर डुक्कर काढलं. शाळेत मी चित्रकला शिकवत होते, पण डुकराचा मला सराव नव्हता. तलावाच्या पाळीसमोर दोन बल्ल्यांना चादर बांधली, म्हणजे चुकलेली गोळी मातीच्या पाळीत जाईल. मामाजींनी जंगल खात्याच्या कचेरीत आधीच सांगून ठेवलं होतं, तरी बारांचे आवाज ऐकून गार्ड सायकलवर आलेच. चादरीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे काय होय?"

"डुक्कर," मामाजी म्हणाले.

"मले तं कोणाची तरी म्हैस दिसून राह्यली."

थोरले बाजेवरून म्हणाले, "मोतीबिंदू मले झाला म्हंतेत. मलेबी म्हैसच दिसते."

गार्डने चहा घेतला आणि जाताना मला विचारलं, "बाई, शेपूट थोडी लहान कराल का?" मी केली.

खरी आफत दुसरीच आली. मामाजींची जन्मभराची नोकरी साहेबांसोबत, त्यामुळे भाऊ सोडला तर एरवी ते शुद्ध बोलायचे, आणि शुद्ध मराठीत बारूदला दारू म्हणतात. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होऊन फार दिवस झाले नव्हते. गावातल्या बायकांचा गट त्या बाबतीत कडक. मामाजी संध्याकाळी खोपीतून येऊन अंगणात मोठ्याने बोलायचे, "आज दारू जरा जास्त झाली. उद्या कमी करून पाहतो." किंवा, "कालची दारू ओलसर होती, डोकं धरलं तिनं." डोकं धरलं म्हणजे बार उशिरा उडाला, हे फक्त आम्हाला कळायचं.

एका संध्याकाळी बायका दारात उभ्या. पुढे असलेली काकू पदर खोचून म्हणाली, "पेन्शनवाला माणूस, शिकलेला. अन रोज मापट्यानं मोजून घेते म्हंते."

सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी समजावून सांगायला हवं होतं. पण घोंगड्याचा राग गेला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी तं किती सांगतलं. ऐकतच नाई. खोपीत ठेवते लपवून."

मामाजी बांबूचं मापटं हातात घेऊनच बाहेर आले. बायकांनी ते हिसकावून हुंगलं. काकूला ठसका लागला. मग सगळ्यांना खोपी दाखवावी लागली, डबा दाखवावा लागला, परवाना वाचून दाखवावा लागला. तो मी वाचला. काकूने शेवटी निकाल दिला, की चालू ठेवा, पण गावात बोलताना बारूद म्हणा. मामाजी त्यानंतर बारूदच म्हणू लागले, प्रत्येक वेळी थोडं अडखळून.

बार सुधारत होते. गोळ्या आधी चादरीभर, मग डुकराच्या पोटाभोवती, मग खांद्यापाशी जवळजवळ पडू लागल्या. गाव बघायला येऊ लागलं. आणि जसजशी मामाजींची वाहवा होऊ लागली तसतसे थोरले बोलायचे बंद झाले. एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हंजे इतके साल मी आंधळ्यासारखा उडवत होतो, असं म्हणणं आहे ना तुहं? माह्या भरण्यानं कधी कोणाले काई झालं?"

मामाजींनी भावाशी वाद घातला नाही. म्हणाले, "भाऊ, तू भर. तुह्या हातानं, तुह्या मापानं. पण चाप दोरीनं ओढू. खांद्याले नाई लावाची."

"खांद्यालेच लावतो."

"दोरीनं, नाहीतर बंदूक देत नाई."

थोरल्यांनी मुठीने बारूद ओतलं. दुकानात मामाजींनी दाखवलेली मूठ लहान होती हे मला तेव्हा कळलं. खिळे गेले, बोळे गेले, गजाने यथेच्छ ठोकणं झालं. बाज आडवी करून तिला बंदूक करकचून बांधली, तोंड पाळीकडे. चापाला विहिरीची दोरी. आम्ही सगळे मोहाच्या जाड खोडामागे. थोरल्यांना पुढे उभं राहायचं होतं, त्यांना सासूबाईंनी धोतराला धरून मागे ओढलं. मामाजींनी दोरी ओढली.

तो आवाज मी आजवर पुन्हा ऐकलेला नाही. पाळीवरचे बगळे उडून पलीकडच्या गावाला गेले. धूर विरला तेव्हा बाज उलटी पडली होती, तिचा एक पाय मोडला होता, बंदुकीचा दस्ता चिरला होता. चादर शाबूत. ज्या बारक्या नळीवर बार पेटवणारी टोपी बसवतात ती जागेवर नव्हती. शोधता शोधता ती मागच्या पळसाच्या खोडात रुतलेली सापडली.

थोरले पळसापाशी गेले. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी बोटाने चाचपलं. नळी त्यांच्या गालाच्या उंचीवर होती. त्यांनी आपल्या गालावरून हात फिरवला, पुन्हा खोडावर ठेवला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

बऱ्याच वेळाने ते वळले आणि म्हणाले, "बाज माही होती."

दुरुस्तीसाठी चंद्रपूरला गेलो तेव्हा थोरले आपणहून सोबत आले. चाचांनी बंदूक उलटी-पालटी करून विचारलं, "ये किसने भरी थी?"

"लहान्यानं," थोरले म्हणाले आणि भावाकडे बोट केलं.

मामाजी दुकानाच्या छताकडे पाहत राहिले. चाचांनी त्यांना अर्धा तास झापलं. थोरले मध्ये मध्ये मान डोलवत होते. परत येताना एस.टी.त दोघे भाऊ एका बाकावर बसले, आणि कुठल्या तरी थांब्यावर थोरल्यांनी मामाजींना भजी घेऊन दिली.

त्यानंतर थोरले बदलले. किंवा असं म्हणू या, की त्यांनी सगळा कारभार हाती घेतला. मामाजींनी मापटं सपाट केलं की थोरले बोट फिरवून पाहत. गज किती आत गेला हे त्याच्यावरच्या खुणेने तपासत. बार काढण्याआधी "मांगं कोण आहे?" असं विचारत आणि "कोणी नाई" या उत्तरावर विश्वास ठेवत नसत. एकदा गार्डच आले होते, त्यांना थोरल्यांनी सायकलसकट मोहामागे उभं केलं.

त्या वर्षी धान पिकायला आलं तेव्हा बंदूक पूर्ण तयार होती. चादरीवरच्या डुकराच्या खांद्यावर एका तळहातात मावतील अशी भोकं पडत होती. दिवस बुडायच्या सुमारास मी दोघांची भाकर घेऊन मचाणापाशी गेले. शिडीवर पाय ठेवला तोच खालच्या बांधीत धान हललं. मोठी मादी, मागे पिलं.

"आले," मामाजी कुजबुजले.

भरलेली बंदूक मचाणावर ठेवायची नाही, हा नियम होता. मामाजींनी पिशवी उघडली. मापटं काढलं, भरलं, पट्टी फिरवली.

"पाहू दे," थोरले म्हणाले. बोट फिरवलं. "हं."

खाली कचाकचा खाणं चालू होतं. बारूद गेलं. घोंगड्याचा डाट गेला, तो तिरका झाला, काढून परत घातला. गोळी. वरचा डाट. गज. खूण.

"एक सूत वर आहे," थोरले म्हणाले.

"भाऊ, ते खाऊन राह्यले."

"खाऊ दे. मांगं कोण आहे?"

"तूच आहेस. अन सूनबाई आहे."

"बाई, खाली बस." मी शिडीखाली बसले. "समोर?"

"समोर पाळ."

"पाळीवर कोणी?"

"कोणी नाई."

"नीट पाहून सांग."

मामाजींनी नीट पाहिलं. टोपी बसवली, घोडा ओढला, बंदूक खांद्याला लावली. बांधीत धान स्थिर होतं. मादी पोटभर जेवून, पिलं घेऊन, सावकाश जंगलात निघून गेली होती.

मामाजींनी बंदूक खांद्यावरून उतरवली. पण भरलेली बंदूक घरी न्यायची नाही, हाही नियम. मामाजींनी पाळीवर नेम धरून बार काढला. आवाज खणखणीत, एकसारखा, जसा त्यांना हवा होता तसा. पलीकडच्या शेतातून शेजाऱ्याने हाक दिली, "गेले का जी डुकरं?"

मामाजी उत्तर देणार होते. थोरल्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओरडून सांगितलं, "गेले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्याने तलावातले ताजे मासे पाठवले. सासूबाईंनी विचारलं, कशाबद्दल? दोघे भाऊ अंगणात दात घासत होते. ते आणखी जोरात घासू लागले. मासे छान झाले होते. मामाजींनी मीठ थोडं कमी आहे म्हटलं, आणि थोरल्यांनी बोट बुडवून चाखून पाहिलं.