डेस टीहानची गाठ

न्यूझीलंडमधल्या हारीहारी गावात पाऊस पडला तर कुणी काही बोलत नाही. थांबला तर बोलतात. अशा गावात डेस टीहानचा दबदबा एकाच गोष्टीसाठी होता. तो चार दिवस डोंगरात शिकार करून आला तरी त्याच्या सॅकमधलं सामान घरून निघताना होतं तसंच कोरडं असायचं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात सगळं सामान, मग तिचं तोंड पिळायचं, दुमडायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधायचं. "मॉयराला अंगठी घालतानाही डेसने एवढा वेळ लावला नव्हता," असं पबमध्ये म्हणायचे.

दुधाचा टँकर चालवणारा गॅव्हिन रेनी हा त्याचा शिकारीचा जोडीदार, वयाने बराच लहान. गॅव्हिनला डेसचा एक नियम मात्र नको व्हायचा. कोरडे कपडे फक्त मुक्कामाचे. सकाळी उठून कालचे ओले, गारढोण कपडेच अंगात चढवायचे आणि निमूटपणे चालू लागायचं.

त्या एप्रिलात हरणांचे नर दरीभर ओरडत होते आणि पाऊस हटत नव्हता. दुसऱ्या सकाळी गॅव्हिनला तो ओला शर्ट हातात धरवेना. त्याने गुपचूप कोरडे कपडे घातले आणि वर रेनकोट चढवला.

"ओले घातलेस ना?" डेसने विचारलं.

"घातले की."

"शहाणा माझा. नाहीतर रात्री कुडकुडशील आणि माझ्या पांघरुणात शिरशील."

दुपारपर्यंत रेनकोटने दगा दिला. आता ओले ओलेच होते आणि कोरडेही ओले झाले होते. डेसकडे मागावं तर सकाळची थाप उघडी पडणार आणि नाताळापर्यंत पबमध्ये त्याचेच किस्से रंगणार. डेस नदीचं पाणी पाहायला खाली उतरला, तेव्हा गॅव्हिनने त्याची सॅक उघडली, लोकरीची बनियन काढली आणि अंगात घातली. बोटं बधिर झाली होती. त्याने पिशवीचं तोंड कसंबसं पिळलं, पट्टीचा एक वेढा दिला आणि तेवढ्याने भागेल असं स्वतःला सांगितलं.

भागलं नाही. एकमेकांच्या दंडात दंड अडकवून दोघं नदीत शिरले. मधोमध डेसचा पाय दगडावरून सटकला आणि तो सॅकसकट पाण्याखाली गेला. गॅव्हिनने त्याला ओढून पलीकडच्या लाकडी खोपीत आणलं. सॅक उपडी केली तर आतून बादलीभर पाणी आलं. पिसांची स्लीपिंग बॅग भिजून मेलेल्या कोंबडीसारखी झाली होती. डेस पाठमोरा बसून बुटांच्या नाड्यांशी झटत होता, तेवढ्यात गॅव्हिनने बनियन काढून त्या ओल्या ढिगात सरकवली.

मग त्याने चूल पेटवली आणि स्वतःची स्लीपिंग बॅग म्हाताऱ्याभोवती गुंडाळली. डेसचे ओठ निळे पडले होते, शब्द धड फुटत नव्हते.

"मी... बांधायला विसरलो, गॅव्ह."

तेव्हाच बोलायला हवं होतं. गॅव्हिन म्हणाला, "होतं रे कधीकधी. चहा घे."

डेस वाचला. थंडी त्याच्या अंगातून गेली, पण ते वाक्य गेलं नाही. महिनाभर गॅव्हिनने त्याच्या दारावरून जायचंच टाळलं. खाई त्याला खवखवे. शेवटी मॉयराने फोन करून बोलावलं. दारातच ती हळू आवाजात म्हणाली, "गॅस बंद केलाय का ते पाहायला दहादा उठतो. सकाळी शर्टाची बटणं लावतो आणि मला विचारतो, बरोबर लागलीत ना?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डेसची रायफल तेल लावून ठेवली होती.

"ही तू घे," डेस म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी गोठ्याचं फाटक लावायला विसरला, शेवटी आईचं नाव. माझ्या हातात बंदूक नको आता."

गॅव्हिनने रायफलला हात लावला नाही. "तू विसरला नव्हतास."

"गप्प बस, उगाच समजूत काढू नकोस."

"बनियन घ्यायला मी पिशवी उघडली. माझे कोरडे कपडे भिजले होते. सकाळी तुला खोटं सांगितलं."

मॉयराच्या हातातलं फडकं थांबलं.

"गाठ कशी होती?" डेसने विचारलं.

"पक्की. दातांनी सोडावी लागली."

डेसने डोळे मिटून घेतले. मॉयराने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ काढला नाही. त्या खोलीत आपण कुणीच नाही, असं गॅव्हिनला वाटलं.

मग डेसने रायफल स्वतःकडे ओढली. "शुक्रवारी शिकारीला निघतो," तो बायकोला म्हणाला.

"मी टँकरची पाळी बदलून घेतो," गॅव्हिन घाईने म्हणाला. "सामान मी उचलेन..."

"बनियन मागितली असतीस तर दिली असती रे. चार शिव्या घातल्या असत्या आणि दिली असती." डेसचा आवाज चढला नाही. "पण मला वेड लागतंय असं मी महिनाभर समजत होतो, आणि ते तुला ठाऊक होतं."

गॅव्हिनने समोरचा अर्धा चहा बाजूला सरकवला.

"चहा संपव," डेस म्हणाला, "आणि घरी जा."