मोठीमायनं नाव घेतलं

रुख्माबाई म्हणजे माझी मोठीमाय. वडिलांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. आंजीला राहायची. अक्षरओळख शून्य, आणि आमच्या अख्ख्या वाघदरे कुळात तिच्याइतकं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मी स्वतः शाळामास्तर असून हे कबूल करतो आहे, तेव्हा खरंच समजा.

एकोणीसशे ऐंशी साली देवळीच्या महादेवराव वाघदऱ्यांनी मनावर घेतलं की कुळाचा एक मेळावा भरवायचा. महादेवराव माजी सरपंच, बोलायला मोकळे, हट्टाला पक्के. म्हणाले, आपण मूळचे माळव्याकडचे, बैतूलवरून सातपुडा उतरून इकडं आलो आणि गावोगाव पांगलो. आता पोरं नागपूरला, भिलाईला नोकऱ्या करून राह्यली. चुलतभाऊ चुलतभावाला ओळखत नाही. एक दिवस सगळ्यांनी जमावं, कोण कुठून आलं ते सांगावं, वंशावळ मांडावी. विचार चांगलाच होता, मी नावं ठेवत नाही. पण वंशावळ लिहायची कोणी? तेच म्हणाले,

"नाचणगावचा मास्तर हाय ना. त्याले काय, सुट्ट्याच सुट्ट्या!"

मास्तरला सुट्ट्याच सुट्ट्या असतात असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा चौथीचा वर्ग सांभाळायला द्यावा. पण नाही म्हणता आलं नाही. वर्षभर सायकल आणि एसटी यांच्यावर माझी हाडं खिळखिळी झाली. प्रत्येक घरी तीच गत. चहा पाजायचे, आजोबापर्यंत नावं सांगायचे, मग डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "त्याच्या वरचं आंजीच्या रुख्माबाईले विचारा."

तिला ते कसं माहीत, तर आखजीमुळं. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडं पितरांना पाणी देतात, एकेकाचं नाव घेऊन. पुरुष नावं घेतात आणि बाया चुलीपाशी बसून ऐकतात. पुरुष दरवर्षी विसरतात आणि दरवर्षी घुटमळतात. बाया विसरत नाहीत. मोठीमाय पन्नास आखज्या ऐकत आली होती. शिवाय कोणाची बायको कोणत्या गावची, कोणती बाळंतपणात गेली, हेही तिला पाठ. पुरुषांच्या यादीत बायांची नावं नव्हतीच, ती सगळी मला तिनं दिली.

फक्त एक पंचाईत होती. सासरच्या थोर पुरुषांची नावं ती तोंडानं घ्यायची नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, आजेसासऱ्याचं नाही. आणि मला नेमकी तीच हवी होती.

"मोठीमाय, सासऱ्याचं नाव सांग."

"मंगळवार झाल्यावर काय येते?"

"बुधवार."

"मंग? लिही. मास्तर कोनं केलं बापा तुले?"

लिहिलं, बुधाजी. त्यांच्या बापाचं विचारलं तर तिनं दारातून देवळाकडं बोट केलं. "तो काय शेंदूर फासून बसला." लिहिलं, मारोती. अशा रीतीनं मी सहा पिढ्या वर चढलो.

गंमत म्हणून एकदा तिच्या नवऱ्याचंही विचारलं, "आणि मोठेबाबाचं नाव?"

"जाय तिकडं! तुले माहीत नाई का?" सत्तरीची बाई, पण पदर तोंडावर घेऊन अशी लाजली की मलाच हसू आलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मानायची.

"अवं, मोठेबाबाले जाऊन एकवीस वर्षं झाली."

"म्हनून का आता घ्याचं?"

मोठेबाबांचं नाव आत्माराम, ते अख्ख्या आंजीला माहीत होतं. मी आपलं लिहून टाकलं.

कूळ इकडं कसं आलं, हेही तिला सासूनं जात्यावर बसून सांगितलं होतं. महादेवरावांना त्यात लढाया हव्या होत्या. आपण राजाचे शिपाई, तलवारी घेऊन घाट उतरलो, असं त्यांनी भाषणात लिहूनही ठेवलं होतं. मोठीमाय म्हणाली, "तलवारी कायच्या आल्या? दुकाळ पडला म्हनून पोट घेऊन आले. बैलाच्या बंडीत जातं होतं, बी होतं, अन् एक पोटुशी बाई होती. ते घाटातच बायतीन झाली. बंडी दोन दिवस थांबली तिच्यासाठी." महादेवरावांनी हे ऐकलं आणि तलवारी तशाच ठेवल्या.

आता चंद्रभानचं सांगतो, कारण सगळा घोळ त्याच्यावरूनच झाला.

मोठीमायचं पहिलं लग्न दुसऱ्या गावी झालं होतं. तो माणूस हगवणीच्या साथीत गेला. तेव्हा चंद्रभान दीड वर्षाचा. मग आत्माराम मोठेबाबानं तिच्याशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आमच्यात ते चालतं. ती पोराला कडेवर घेऊन आंजीला आली. पुढं तिला मूल झालं नाही. मोठेबाबानं चंद्रभानला शाळेत घातलं ते आपलं नाव लावून, शेती दिली, लग्न लावलं. म्हातारपणी हाक मारायचे ती त्यालाच. चंद्रभान आता पन्नाशीचा. शेती करायचा, आणि गावात कोणाचंही कार्य असलं की स्वयंपाकाला तो. त्याच्याशिवाय आमच्यात पान हलत नाही.

मेळाव्याच्या दोन आठवडे आधी तो भरवणाऱ्या मंडळाची बैठक झाली. मी यादी वाचत होतो. चंद्रभानच्या नावापाशी महादेवराव म्हणाले, "थांबा मास्तर. हे नाव गाळा. मानूस सोन्यासारखा हाय, माह्यं काही म्हननं नाई. पन मायसंगं आलेलं पोर. आपन वंशावळ करून राह्यलो, मतदारयादी नाई."

सगळे हसले. मीही हसलो. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. आत्माराम मोठेबाबांचे सख्खे धाकटे भाऊ, बबनकाका, तिथंच बसले होते. ते हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. सुपारी कातरत राहिले. आणि मी नाव खोडलं. मनात म्हटलं, मंडळाचा निर्णय, आपल्याला काय! मास्तरकीत ही सवय लागते, वरून आलं की खाली लिहायचं.

मोठीमायला सांगायला हवं होतं. दोनदा आंजीच्या एसटीत बसायला निघालो आणि दोनदा फाट्यावरून परतलो.

एक्क्याऐंशीच्या आखजीनंतरच्या रविवारी देवळीला मांडव पडला. पाचशेच्या वर माणूस. भिलाईचे आले, बैतूलकडचे आले, एकमेकांची नाकं बघून "अरे, हा तं आपलाच" म्हणून गळ्यात पडले. म्हाताऱ्या बाया तर अशा भेटल्या की रडावं का हसावं त्यांनाच कळेना. मांडवाच्या एका बाजूला मी मांजरपाटाच्या भल्यामोठ्या कापडावर लिहिलेली वंशावळ टांगली होती. मागं चुलवणावर चंद्रभान पहाटेपासून आलूवांग्याची भाजी हलवत होता. मी तिकडं फिरकलो नाही. तोंड कोणतं दाखवणार?

मोठीमाय आली ती सरळ कापडापाशी. नवं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काठी.

"हे सारं म्या सांगतलं ते हाय?"

"तू सांगितलं तेच आहे, मोठीमाय."

तिनं कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "माह्यं पोरगं कुठी हाय? माह्यं बोट ठेव त्याच्यावर."

देवा! मागं माणसं उभी होती. मी तिचं बोट धरलं आणि बबनकाकाच्या थोरल्या पोराच्या नावावर ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं, डोळे भरून आले तिचे, आणि म्हणाली, "सुखी राह्य बापा." आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं नीच काम दुसरं केलं नाही.

मग वाचन सुरू झालं. महादेवरावांनी नियम ठरवला होता. प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यानं उभं राहून आपल्या माणसाचं नाव बापासकट मोठ्यानं घ्यायचं आणि मुलाबाळांची नावं सांगायची. सभेनं ऐकलं की ते पक्कं. विधवेच्या घरचं तिच्या दिरानं सांगायचं, कारण बाया नाव घेणार नाहीत हे धरूनच चाललं होतं. भोंगा लावला होता, चुलवणापर्यंत ऐकू जात होतं.

बबनकाकांची पाळी आली. ते उठले, कागद डोळ्यांजवळ धरला. "आत्माराम बुधाजी वाघदरे, आंजी. संतती नाई."

बायांच्या बाजूनं काठी आपटल्याचा आवाज आला. मोठीमाय उभी राहिली होती.

"काय म्हनलं भाऊजी?"

बबनकाका खाली बघू लागले. महादेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "वयनी, बसा. कोनाचा अपमान नाई. चंद्रभान आपलाच हाय. पन हे वंशावळ हाय ना, रक्ताची."

"आपलाच हाय तं कापडावर काऊन नाई?" ती बबनकाकांकडं वळली. "भाऊजी, तुम्ही नागपूरले गेलते, तुमचे पोरं गेलते. एकवीस आखज्या झाल्या, तुमच्या बापाले, आज्याले पानी कोन देते? माह्या पोराच्या हातचं पानी पितरं पितेत. त्याहीले चालते अन् तुमच्या कापडाले चालत नाई?"

महादेवराव घामाघूम. माणूस वाईट नव्हता, पण मांडवभर लोकांपुढं माघार घ्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांना वाट सापडली, असं त्यांना वाटलं.

"वयनी, माह्या हातात काही नाई. नियम हाय. घरच्या मानसानं नाव घेऊन सभेत सांगितलं पायजे. तुमच्या घरचं भाऊजींनी सांगितलं. आता तुम्ही सोता नाव घेऊन सांगत असान तं..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. बाई आता बसणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. पन्नास वर्षांत जे तोंडातून निघालं नाही, ते पाचशे माणसांत निघणार होतं का?

मोठीमायनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. ओठ हलले, आवाज आला नाही. शेजारच्या बाईनं तिचा हात धरून खाली ओढलं. "जाऊ दे वं रुख्मा, पाप लागन." तिनं तो हात सोडवला.

"आत्माराम," ती म्हणाली.

एवढंच. मग श्वास घेतला आणि मान वर केली. "आत्माराम बुधाजी. माहा मालक. त्याचा पोरगा चंद्रभान. म्या कडेवर आनला, त्यानं खांद्यावर घेतला. पाटाच्या दिवशी भर मांडवात घेतला अन् म्हनला, हा माहा. तुमचे आजे होते तवा मांडवात, कोनी नाई म्हनलं नाई. आत्मारामाचा चंद्रभान. झालं का आता पक्कं?"

बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. महादेवरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, आणि म्हणाले, "सभेनं ऐकलं. मास्तर, टाक घ्या." आणि दौत त्यांनी स्वतः उचलून धरली. बबनकाका खुर्चीवर बसून लहान पोरासारखे रडत होते.

मी कापडापाशी गेलो. मोठीमाय माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"मास्तर, मघा माह्यं बोट कोनावर ठेवलं होतं?"

"बबनकाकाच्या पोरावर."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिही. मले वाचता येत नाई, पन दिसते तं."

मोठ्या अक्षरात लिहिलं. आत्मारामखाली रेघ ओढली आणि चंद्रभान लिहिलं. शाई थोडी पसरली. तिनं बोट लावू नये म्हणून मी म्हटलं, "ओलं आहे, मोठीमाय." ती तिथंच उभी राहिली, वाळेपर्यंत.

पंगती उठल्यावर मी धीर करून मागं गेलो. मोठीमाय चुलवणापासून जरा दूर, कडुलिंबाखाली पोत्यावर बसली होती. चंद्रभान तिला पान वाढत होता. अंगाला धुराचा वास, डोळे लाल. धुरानं की कशानं, मी विचारलं नाही. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली आणि मलाही पान मांडलं. त्याचं मन मोठं, माझं तेवढं नव्हतं.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "माय, भोंग्यावर आइकलं म्या. तू बाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"सगळ्या लोकाइत?"

"मंग काय करू बापा?"

तिनं भाताचा घास कालवला, पण तोंडापर्यंत नेला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, जिंकल्याचाही भाव नव्हता. मघासारखेच तिचे ओठ एकदा नुसते हलले. मग म्हणाली,

"किती चांगलं नाव होतं रे त्याचं. जिता होता तवा एकदा तरी हाक माराले पायजे होती."