नेपाळात न झालेलं माझं लग्न

आमच्या बाभुळगावातून काशी-नेपाळ यात्रेची बस निघणार असं मामानं सांगितलं, तेव्हा मी अकरावीत होते. त्याच दिवशी मी नकाशा काढून बसले. काठमांडूपर्यंत पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. आमच्या घरातलं कोणी नागपूरच्या पलीकडे गेलं नव्हतं, आणि मी परदेशात जाणार होते!

ती कापसाची पडती वर्षं होती. बाबा जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या मशीनवर होते. एरवी दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या केसांत रुई असायची; त्या साली दोनच महिन्यांत जिनिंगला कुलूप लागलं. बाबा घरी बसले आणि माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. यात्रेत मला कशासाठी नेत होते, ते मी स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकलं. मुलगा केळापूरचा, सरकारी शाळेत नुकताच शिपाई लागलेला. तो आणि त्याचे आईवडील त्याच बसमध्ये असणार होते.

"पोरगी सोळाची हाय," आई म्हणाली. "ग्रामसेवकाले कळलं तर?"

"म्हणून तर नेपाळात," मामा म्हणाला. "पशुपतिनाथापुढं दोन हार घालाचे. तिथं आपला कायदा चालतच नाही. बॉर्डर वलांडली का खतम."

बाबा उठून अंगणात गेले.

खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण डोक्यात एकच प्रश्न घुसला. खरंच असं असतं? आपण हद्द ओलांडतो आणि आपला कायदा नाक्यावर अडवलेल्या ट्रकासारखा मागेच उभा राहतो?

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फॉर्मचं निमित्त सांगून यवतमाळची एस.टी. पकडली. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टायपिस्ट बसत. त्यांत एकच बाई होती, जाड चष्म्याची. सरळ तिच्याकडे गेले.

"मावशी, नेपाळात लग्न केलं तर इथला कायदा लागतो का?"

तिचे हात मशीनवर थांबले. "कोनाचं लग्न?"

"माझं."

"वय?"

"सोळा."

तिनं मला स्टुलावर बसवलं आणि शेजारच्या वकिलाच्या टेबलावरून एक पातळ पुस्तक आणलं. "बालविवाहाचा नवा कायदा हाय हा. वाच."

पुस्तक इंग्रजी होतं. मी शब्दाला शब्द जोडत वाचलं. अगदी सुरुवातीलाच लिहिलं होतं की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं. एवढ्या मोठ्या सरकारनं, मला न ओळखता, नेमकं माझ्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

"सगळेच कायदे असे आपल्यासंगं येतात का?" मी विचारलं.

"सगळे नाही. दुसऱ्या देशात गाडी त्यायच्या नियमानं चालवा लागते. पण आपल्या मानसानं बाहेर गुन्हा केला, तर इथं आल्यावर त्याले धरता येते. आन् लग्नाच्या वयाचा कायदा नेपाळातही असनच. तुह्या मामाले सांग, सुटका नाही, दोन कायदे लागतीन."

तिनं मराठीत अर्धं पान टाइप करून दिलं. लग्न करणारा अठरावरचा मुलगा, लावून देणारे आईबाप, लावणारा भटजी, सगळ्यांना शिक्षा. परतीच्या एस.टी.त मी ते पान दोन्ही हातांनी धरून बसले होते.

घरी पोचले तर मुलाचे वडील आलेले, मामाशी बसमधल्या जागांचं ठरवत होते. मी कागद मामाला न देता त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला.

"पोराची नोकरी जाईन म्हना की," ते मामाला म्हणाले.

"अहो, टाइप केलेला कागद कोनीबी आनते," मामा उसळला. "पोट्टीचं काय आयकता?"

तेव्हा बाबा बोलले. "मी वकिलाले इचारून येतो. तवरोक कोनी काही ठरवू नका."

दुसऱ्या दिवशी बाबा यवतमाळहून आले, पाणी प्यायले आणि दारातूनच म्हणाले, "खरं हाय. हे लगन होत नाही." केळापूरकरांनी यात्रेच्या जागा सोडल्या. आईनं मला जवळ घेतलं.

"मी यात्रेले जाऊ का मंग?" मी बाबांना विचारलं.

"जाय. तुही जागा हायेच."

पुढे मी बारावी केली, नर्सिंग केलं, लग्न पंचविसाव्या वर्षी केलं. पण जितका आनंद मला नेपाळच्या हद्दीवरच्या त्या सोनौलीच्या फाटकात झाला होता तितका क्वचितच झाला असेल. बस मागे थांबली होती आणि आम्ही पायी निघालो. कमानीखालून मी पळतच गेले, पलीकडे दोन्ही पायांवर उडी मारली. धूळ तीच, सायकलरिक्षा त्याच. तरी मी आईला ओरडून सांगितलं, "आई, मी परदेशात!"

मागून बस घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणाला, इथलं घड्याळ वेगळं असतं, सगळ्यांनी बदलून घ्या. बाभुळगाव सोडल्यापासून माझ्याशी न बोललेला मामा मनगट पुढे करून शेजारी येऊन उभा राहिला.

"किती पुढं करू?"

"पंधरा मिनिटं, मामा," मी म्हणाले, आणि त्याच्या घड्याळाची चावी फिरवून दिली.